रविवारचा दाणा

प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांतले जीव संपले हे मला कळलं, तेव्हा माझ्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते, आणि चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणारा माणूस खापर फोडायला दुसरं डोकं शोधत बसतो.

मी तंत्रज्ञ आहे. म्हणजे बाकीचे शोध लावतात आणि मी बाटल्या धुते. एकोणीस वर्षं मी एकाच जातीचे जीव सांभाळले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. एका पेशीचे, अंगभर बारीक केस, त्या केसांनी पोहतात. एका तळ्याच्या तळाशी, जिथे हवेचा कणही पोचत नाही अशा काळ्या चिखलात, आमच्या म्हाताऱ्या सरांना ते सापडले. आपल्याला हवा मिळाली नाही की आपला जीव जातो, यांना हवा लागली की यांचा जातो. सरांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. माझ्यापेक्षा उलट्या खोपडीचं जगात कुणीतरी होतं.

पण त्यांची खरी गंमत पोटात आहे. हवेशिवाय अन्न पचवायचं तर आत एक वायू साठतो, आणि तो साठत गेला की पचनच अडतं. म्हणून यांनी पोटात भाडेकरू ठेवलेत, जिवाणू, तेही शेकड्यांनी. यांना नकोसा झालेला वायू हेच त्यांचं जेवण. हे टाकतात म्हणून ते जगतात, ते खातात म्हणून हे जगतात. कोण कुणावर उपकार करतं ते सरांनाही शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. मी घरी हे सांगितलं, तेव्हा दादाने वहिनीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. यात शोध कसला लावला? तुझ्या सरांना म्हणावं, आमच्या घरी या, फुकट दाखवतो."

दादा आठ वर्षांपूर्वी गेला. मग घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच उरलो. घर दादाचं, म्हणजे वहिनीचं. पण दादा आधी माझा, म्हणून थोडं माझंही. हा वाद आम्ही कधी मोठ्याने घातला नाही, रोज बारीक आवाजात मात्र घातला. तिला खिडक्या सताड उघड्या लागतात, मला बंद. ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते, मी कामावरून आले की मला भिंतीशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही. स्वयंपाक तिचा, बाहेरच्या रांगा माझ्या. ती मला चिमे म्हणते, सत्तावन्नाव्या वर्षीही. रागावली की मात्र वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. त्यामुळे तिच्या रागाची पातळी मोजायला मला कधी यंत्र लागलं नाही.

तिची मुलगी, माझी भाची, दुसऱ्या शहरात असते. तिला बाळ झालं, रजा संपत आली, आणि तिने फोन केला, "आई, तू आता इकडेच ये. कायमची." वहिनीने फोन ठेवला, ओटा पुसायला घेतला आणि पुसता पुसता मला विचारलं, "जाऊ का गं, चिमे?"

मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझे पाय, तुझी वाट."

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुला एकटीला टाकून कशी जाऊ. पुसलेला ओटा तिने पुन्हा एकदा पुसला. आणि एका रविवारी, संध्याकाळच्या गाडीने, दोन बॅगा घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवार हा आमच्याकडे पाणी बदलायचा दिवस. या जिवांना एक पातळ रस लागतो. तो मी उकळते, म्हणजे त्यातली हवा निघून जाते, मग बूच लावून गार करते आणि बारा बाटल्यांमध्ये सुईने सोडते. जुन्यातले थोडे जीव नव्या बाटलीत घालायचे, जुन्या बाटल्या पंधरा दिवस ठेवायच्या आणि मग उकळून धुवायच्या. हा सरांनी घालून दिलेला नियम. रसाचा चंबू फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. तो कप्पा एकोणीस वर्षं फक्त माझा आहे. तिथे दुसरं काही कधी ठेवलंच नाही, त्यामुळे चंबूवर चिठ्ठी लावायची पद्धतही नाही.

सर निवृत्त झाल्यावर नव्या बाई आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण मला ताई म्हणतात आणि अहो-जाहो करतात. त्यांना पाहायचं होतं की पोटातले भाडेकरू काढून टाकले तर हा जीव एकटा किती दिवस काढतो. त्यासाठी एक औषध होतं. जिवाला धक्का लावत नाही, फक्त जिवाणू मारतं. तीन आठवडे त्या बाहेरगावी होत्या. जाताना सांगून गेल्या होत्या, "ताई, मी येईपर्यंत एक चंबू औषधाचा रस तयार ठेवाल का?"

तो मी त्याच सोमवारी सकाळी केला. चिठ्ठीही लिहिली, लाल अक्षरात. चिकटवणार एवढ्यात फोन वाजला. वहिनी होती.

"पोचले गं."

"बरं."

"बाळ तुझ्या दादासारखं दिसतं. कपाळ बघ नुसतं, तस्संच..."

"कामात आहे मी."

"बरं बरं. ठेव."

फोन ठेवला. पाच मिनिटं तशीच उभी होते. मग चंबू उचलला आणि हाताला सवय होती तिथे, खालच्या कप्प्यात ठेवून दिला. दुपारी जेवून आल्यावर कप्पा उघडला. चंबू होता. सोमवार होता. खालच्या कप्प्यातला चंबू म्हणजे माझा रस, हे मला विचार न करता माहीत होतं, म्हणून मी विचार केला नाही. बारा बाटल्यांत सोडला. तो मोठा चंबू तीन सोमवार पुरला.

पहिले दहा-बारा दिवस सगळं छान होतं. सूक्ष्मदर्शकाखाली जीव पोहताना दिसत. भाडेकरू गेले तरी घर बाहेरून तसंच दिसतं. त्या दिवसांत घरीही माझं उत्तम चाललं होतं. खिडक्या बंद, रेडिओ बंद, कुणाची बडबड नाही. शेजारच्या विभागातल्या कारकुनाने विचारलं, तर मी म्हटलंही, "सुटले बाबा एकदाची." एकटीसाठी काय करायचं म्हणून मी रात्री दूध-पाव खात होते, आणि सकाळी तेच उरलेलं. वहिनीचा फोन आला की "बरी आहे" एवढंच सांगत होते.

पंधरा दिवस झाल्यावर नियमाप्रमाणे जुन्या बाटल्या उकळून धुतल्या. त्या औषधाआधीच्या होत्या, त्यांत काही जिवंत उरलं असतं तर तेही तिथेच गेलं.

मग मोजणी घसरली. एका थेंबात चारशे दिसायचे, तिथे दोनशे दिसले. मला वाटलं, माझेच डोळे थकले. मग नव्वद. जे होते ते पोहत होते, पण दोनाचे चार होत नव्हते. म्हातारे होऊन एकेक संपत होते. मी बाटल्या ठेवायच्या गरम पेटीचं तापमान तपासलं, बुचं बदलली, नवे हातमोजे काढले. नाकी नऊ आले, पण कारण सापडेना. ज्या सोमवारी बाई परत आल्या, त्या दिवशी एका थेंबात अकरा होते.

बाईंनी बॅग टेबलावर ठेवली आणि हसून विचारलं, "ताई, औषधाचा रस कुठे ठेवलात?"

माझा हात आपोआप प्रयोगशाळेतल्या झग्याच्या खिशात गेला. तिथे ती चिठ्ठी होती. लाल अक्षरं, चार घड्या, कडेला दुधाचा डाग.

मी ती टेबलावर ठेवली. बाई हुशार आहेत. त्यांनी फ्रिजचा खालचा कप्पा उघडला, रिकामा चंबू पाहिला आणि खुर्चीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळ्या बाराही?"

"सगळ्या. उरलेत त्यांच्या पोटातही भाडेकरू नाहीत, तेही जाणारच."

"दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत दिला होता का हा वंश?"

"दोनदा पाठवला. दोन्ही वेळा वाटेत मेला."

"आणि ते तळं?"

"तळं बुजवलं, बाई. तिथे आता गाड्या उभ्या करतात."

बाईंचं तीन वर्षांचं काम त्या बाटल्यांत होतं. माझं एकोणीस वर्षांचं. म्हातारे सर अजून अधूनमधून फोन करून विचारतात, "आपली मंडळी कशी आहेत?" त्यांना काय सांगणार होते मी? मला रडू आलं नाही, फक्त खूप थकवा आला. कुणी सांगितलं असतं की तिथेच फरशीवर आडवी हो, तर झाले असते.

बाईंनी मला पाणी दिलं. मग सहज म्हणाल्या, "सरांनी कधी राखीव वगैरे काही ठेवलं नव्हतं?"

ठेवलं होतं. मला आठवलं आणि त्याच क्षणी वाईट वाटलं. दादा गेला त्या वर्षी प्रयोगशाळेच्या छताचं काम निघालं होतं. सर म्हणाले, एक बाटली घरी घेऊन जा, राखीव असू दे. साधी काचेची बाटली, तळाशी चार बोटं चिखल. आठवड्याला उकडलेल्या गव्हाचा एक दाणा टाकायचा आणि उकळून, झाकून गार केलेल्या पाण्याने ती तोंडापर्यंत भरायची. वर हवेला बोटभरसुद्धा जागा ठेवायची नाही. सहा महिने मी दर रविवारी ते केलं. छत दुरुस्त झालं, मग एक रविवार चुकला, मग दोन, मग मी विसरले. वहिनी सुरुवातीला कटकट करायची. "तुझी ही गटारातली पोरं माझ्या ओट्याखाली कशाला? सडक्या अंड्याचा वास येतो, पाहुण्यांना काय सांगू?" पुढे तिची कटकट थांबली. मला वाटलं, फेकून दिली असेल. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला भांडायचाही कंटाळा आला होता.

"घरी एक होती," मी म्हटलं. "साडेसात वर्षांपूर्वी. मेलेलीच असणार."

"बघून तर या," बाई म्हणाल्या.

भर दुपारी मी घरी गेले. तीन आठवडे बंद असलेल्या खिडक्यांमुळे घरात कोंदट वास होता. ओट्याखालचं कपाट उघडलं, मोठी पातेली बाहेर काढली, डबे काढले. मागे कोपऱ्यात काहीतरी काळं होतं. हात घातला तर लोकर लागली. दादाचा पायमोजा. हिवाळ्यातला, गुडघ्यापर्यंतचा. त्याच्या आत बाटली होती.

उजेड लागू नये म्हणून ती मोज्यात ठेवली होती. बाटली नीट बंद होती. पाणी तोंडापासून जेमतेम एक बोट खाली गेलेलं. तळाच्या काळ्या चिखलावर गव्हाच्या दाण्यांची फोलपटं, एकावर एक, कितीतरी. शेजारी एक छोटी डबी होती, तिच्यात निवडून ठेवलेले टपोरे गहू. आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या, एक आडवी. वरपासून खालपर्यंत, दोन्ही दारांवर. मी मोजायला लागले आणि दोनशेवर सोडून दिलं.

शेवटची रेघ गडद होती. जोर देऊन ओढलेली. दोन बॅगा दारात ठेवून, गाडीची वेळ झालेली असताना, ती खाली वाकली असेल, गुडघे दुखत असताना. आणि मी तेव्हा बाहेरच्या खोलीत बंद खिडकीशी तोंड फुगवून बसले होते.

तिथेच फरशीवर बसून मी रडले. सगळ्या पातेल्यांच्या मधोमध, म्हातारी बाई, मोजा हातात धरून. दादा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

बाटली मोज्यासकट मांडीवर घेऊन बसने परत आले. बाईंनी एक थेंब काचेवर घेतला. मला बघवेना, म्हणून मी आवरलेलं टेबलच पुन्हा आवरत राहिले. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "ताई, या."

सात होते. बारीक झालेले, भुकेले, पण केस हलवत गोल गोल फिरणारे. मी बघत असतानाच एकाची कंबर आत गेली. मधोमध चिमटा घेतल्यासारखी. तो एकाचे दोन होत होता. बाईंनी दुसरा थेंब रंगवून तपासला आणि पोटात भाडेकरू आहेत असं सांगितलं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी बाटल्यांसाठी रडतेय, आणि ते अर्धं खरंही होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही चार नव्या बाटल्या लावल्या. चारींवर चिठ्ठ्या. राखीव बाटली बाईंनी मला परत दिली. "ही घरीच असू दे," त्या म्हणाल्या. "तिथेच तिची जास्त नीट काळजी घेतली जाते."

जिन्यात बसून मी वहिनीला फोन लावला. तिकडे बाळ किरकिरत होतं.

"चिमे? या वेळेला? बरी आहेस ना?"

"तू दाणे टाकत होतीस," मी म्हटलं.

"सापडली का तुला? मेली का गं? मी सांगणार होते फोनवर, पण तू कामात असतेस. तीन रविवार झाले. पाणी भरलंस का?"

"नाही मेली. तीच फक्त उरली. बाकी सगळी मी मारली." आणि मी तिला सगळं सांगितलं, चिठ्ठी, चंबू, फोन, सगळं. एकोणीस वर्षांत तिला कामाचं इतकं कधी सांगितलं नव्हतं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, हेही पहिल्यांदाच.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "साडेसात वर्षं!"

"त्यात काय सांगायचं? ते गेल्यावर तू महिनाभर तोंड उघडलं नव्हतंस. मग एक दिवस ती बाटली घेऊन आलीस आणि म्हणालीस, ही जपायची आहे. तेवढंच बोललीस. मग तू विसरायला लागलीस. मी म्हटलं, घरात आणखी एक मरण नको. वासाची कटकट केली ती केली, पण दाणा टाकायला कितीसा वेळ लागतो?"

जिन्यावरून एक जण वर गेला, त्याला वाट द्यायला मी भिंतीशी सरकले.

"वहिनी," मी म्हटलं, "तू जायला नको होतंस. मला करमत नाही. मी दूध-पाव खाते. घरात कुणी बोलत नाही. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस."

तिकडे बाळ पुन्हा किरकिरलं, तिने त्याला थोपटलं.

"वन्सं," ती म्हणाली. "हे तेव्हा बोलला असतात तर मी ओटा दोनदा पुसला नसता. आता इथे हे तान्हं माझ्या अंगावर आहे. पोरगी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मी आता परत कशी येऊ?"

ते खरंच होतं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी मोजा पोटाशी धरला आणि आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मग मी येऊ? सहा आठवड्यांनी सुटते मी. येऊ का, वहिनी?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुमचे पाय, तुमची वाट."

मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि हे बघ, चिमे, येताना ती बाटली मोज्यातून आण. बसमध्ये हिंदकळू देऊ नकोस. इथे ओट्याखाली मागच्या कोपऱ्यात चांगला अंधार आहे. मी आले त्याच दिवशी बघून ठेवलाय."